हिशेब विचारायला ग्रामपंचायतीत जायचं असेल तर

ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना ३३ नावाची एक वही असते: वृक्ष नोंदवही. सार्वजनिक जागेत कोणतं झाड कुठे आहे याची नोंद तिच्यात असायला हवी. दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचा फोटो निघतो, खड्ड्यांचा आणि रोपांचा खर्च पडतो, आणि पुढच्या जुलैत पुन्हा त्याच खड्ड्यांत रोपं लागतात. एवढी एक वही पाहायला मागितली तरी बऱ्याच गोष्टी उलगडतात. पण ती कोणी मागत नाही, कारण ती अस्तित्वात आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. एका पंचायतीत सदस्य ७ ते १७. रस्ता, दिवाबत्ती, मैदान, स्मशानभूमी, बाग, पाणी या सगळ्याचा पैसा या टेबलावरून जातो. कारभार सुधारायचा म्हणून निवडणूक लढवणाऱ्यांची अडचण सहसा मतांची नसते. ते निवडून येतात, मासिक सभेत बसतात, समोर आलेल्या रजिस्टरवर सही करतात, चहा पितात आणि घरी येतात. सहा महिन्यांनी त्यांच्याच सहीचा ठराव त्यांना दाखवला जातो. म्हणून तयारीचा क्रम उलटा ठेवावा: आधी दप्तर, मग उमेदवारी, मग प्रचार.

निवडणुकीच्या वर्षभर आधी

ग्रामपंचायतीचं हिशेबाचं दप्तर १ ते ३३ नमुन्यांत असतं. सगळे पाठ करायची गरज नाही. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, ५ म्हणजे सामान्य रोकड वही, ८ म्हणजे कर आकारणी, ९ म्हणजे कर मागणी. नमुना १६ मध्ये जड वस्तूंचा साठा असतो, म्हणजे खुर्च्या, पंप, संगणक, बागेतली खेळणी. नमुना २२, २३ आणि २४ मध्ये पंचायतीच्या इमारती वगैरे, रस्ते आणि जमिनी. नमुना २७ मध्ये लेखापरीक्षणातले आक्षेप. कामांच्या बाबतीत सगळ्यात बोलकी वही म्हणजे मोजमाप वही. अभियंत्याने प्रत्यक्ष मोजून लिहिलेली लांबी-रुंदी-जाडी तिच्यात असते आणि तिच्यावरूनच ठेकेदाराचं बिल निघतं.

हे पाहायला तीन दारं आहेत.

पहिलं दार फुकट आहे: ई-ग्रामस्वराज पोर्टल. लॉगिन लागत नाही. आपल्या गावाचा वार्षिक विकास आराखडा, त्यात धरलेली कामं आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेली देयकं तिथे दिसतात. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत मोठा हिस्सा, ६० टक्के, पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, उरलेला ४० टक्के अबंधित. गावात पाण्याची बोंब असेल आणि बंधित निधीतून काय झालं ते कोणी सांगत नसेल, तर पहिला प्रश्न इथेच सापडतो. मात्र पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीचा, खरा तपशील या पोर्टलवर मिळेल अशी आशा धरू नका. त्याला रोकड वहीच लागते.

दुसरं दार ग्रामसभा. वर्षात किमान ४ सभा व्हायला हव्यात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती. आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, होऊ घातलेली कामं आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी व तिला दिलेली उत्तरं ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. ही टिप्पणी वाचून दाखवा, एवढंच म्हणा. आवाज चढवायचा नाही, आरोप करायचा नाही. ‘पुढच्या सभेत वाचू’ असं उत्तर आलं तर तेवढं वाक्य इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, लिहून घ्यायला लावा. सभेच्या आधी विषय लेखी देऊन त्याची पोच घेतलेली असेल तर ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

तिसरं दार माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नकलेला पानाला २ रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची संपूर्ण माहिती’ असे अर्ज इथेच आपटतात. एक काम, एक वर्ष, ठरावीक कागद असा अर्ज करा: अमुक वस्तीतला काँक्रीट रस्ता, अमुक आर्थिक वर्ष, त्याचं अंदाजपत्रक, मंजुरीचा ठराव, कार्यारंभ आदेश, मोजमाप वहीची पानं, अंतिम देयक. ‘का केलं’ असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. नकला महाग पडणार असतील तर आधी अवलोकन मागा. वही समोर बसून पाहायचा हक्कही याच कायद्यात आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, आणि तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे वेळ लागतो. म्हणून तर वर्षभर आधी सुरुवात करायची.

कागद हातात आले की मोजपट्टी घेऊन जागेवर जा. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर जाड रस्ता म्हणजे ३० घनमीटर काँक्रीट. एम-२० दर्जाचं, म्हणजे १ : १.५ : ३ प्रमाणाचं काँक्रीट असेल तर घनमीटरला सुमारे ८ पोती सिमेंट लागतं, म्हणजे साधारण २४० पोती. रस्त्याच्या कडेला जाडी ७ सेंटीमीटर भरली तर काँक्रीट ९ घनमीटरने आणि सिमेंट ७० पोत्यांच्या आसपास कमी पडलं. मात्र कडेची जाडी मधल्या जाडीइतकी असेलच असं नाही, म्हणून एकाच ठिकाणी मोजून निष्कर्ष काढू नका. दर १० मीटरवर मोजा आणि फोटोत मोजपट्टी दिसू द्या. पेव्हर ब्लॉकचंही तसंच. नुसत्या पायवाटेला ६० मिलिमीटरचा ब्लॉक चालतो, गाड्या जाणार असतील तर ८० चा लागतो. अंदाजपत्रकात ८० आणि जमिनीत ६० हा प्रकार एक ब्लॉक उचलून पाहिला की कळतो. बाग किंवा व्यायामशाळेचं साहित्य असेल तर वस्तू मोजा आणि नमुना १६ शी ताडून पाहा. वहीत १२ बाकं आणि बागेत ७, हे सांगायला अभियंता लागत नाही.

वर्षभरात तीन-चार कामांच्या अशा फाइली तयार झाल्या तरी पुष्कळ. गावातल्या प्रत्येक कामामागे लागलात तर एकही पुरावा पूर्ण होत नाही आणि तुमचं नाव ‘अर्जवाले’ पडतं.

आपण पात्र आहोत का

सगळ्यात जास्त उमेदवार इथे पडतात, आणि पडतात ते निवडून आल्यानंतर. विरोधक अर्ज छाननीत गप्प बसतात आणि निकालानंतर महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. दुसऱ्यांचा हिशेब विचारणाऱ्याच्या मागे हे हमखास लागतं, म्हणून स्वतःची तपासणी शत्रूच्या नजरेने करा.

वय २१ पूर्ण हवं आणि गावच्या मतदार यादीत नाव हवं. जन्म १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी उत्तीर्ण असल्याचा कागद लागतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्रता येते. घरात शौचालय असणं आणि त्याचा वापर असणं आवश्यक आहे, त्याचा दाखला लागतो.

मग थकबाकी. पंचायतीने बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. इथे लोक स्वतःच्या राहत्या घराची पट्टी भरतात आणि नावावर असलेला जुना गोठा, पडीक जागा किंवा बंद नळ विसरतात. नमुना ८ चा उतारा काढून आपल्या नावावरची प्रत्येक मिळकत पाहा आणि प्रत्येकीची पावती जपून ठेवा. थकबाकी नसल्याचा दाखला ऐनवेळी मागू नका. सत्तेतलं पॅनेल तुमच्या विरोधात असेल तर त्या आठवड्यात शिक्का सापडत नाही, ऑपरेटर रजेवर जातो, नेटवर्क गायब होतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

अतिक्रमण हा त्याहून वाईट सापळा. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर कलम १४ च्या ज-३ खंडाप्रमाणे अपात्रता येते. सर्वोच्च न्यायालयाने जनाबाई प्रकरणात २०१८ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं: मूळ अतिक्रमण सासऱ्याने किंवा नवऱ्याने केलेलं असलं तरी त्या जागेत राहणारी सदस्य सुटत नाही. ओटा रस्त्यात दोन फूट आला असेल, गायरानात वडिलांच्या काळापासून गोठा असेल, तर उमेदवारीआधी तो काढा, पंचनामा करून घ्या. काढायचा नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला उभं करून हा प्रश्न सुटणार नाही.

पंचायतीच्या कामात तुमचा ठेका किंवा आर्थिक हितसंबंध असेल तर तोही अपात्रतेत येतो. पंचायतीला टँकर पुरवणं, मंडप देणं, झेरॉक्सची बिलं लावणं, सगळं आधी बंद करा आणि येणं असेल ते मिटवून घ्या.

राखीव जागेवर लढणार असाल तर जात प्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्र, किंवा ते अजून मिळालं नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज दाखल केल्याचा पुरावा लागतो. मुदतीत वैधता दाखल झाली नाही तर निवड रद्द होते. आरक्षणाची सोडत निघण्याची वाट न पाहता हे प्रकरण वर्षभर आधी समितीकडे टाका.

प्रभाग, यादी आणि अर्ज

निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, गावपातळीवर काम तहसील कार्यालयातून चालतं. विधानसभेची यादी फोडून प्रभागनिहाय यादी करतात. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना थोडेच दिवस मिळतात. एखाद्या गल्लीची पन्नास घरं शेजारच्या प्रभागात सरकलेली असतात ती याच वेळी शोधायची. यादी छापून घेऊन घरोघर ताडून पाहा. हे कंटाळवाणं काम आहे, पण प्रचाराची अर्धी तयारी यातच होते, कारण कोण कुठे राहतं, कोण बाहेरगावी गेलं, कोण वारलं हे कळतं. हरकत लेखी, ठरलेल्या नमुन्यात, यादीतला अनुक्रमांक टाकून द्यायची.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. मुक्त चिन्हांच्या यादीतलं चिन्ह मिळतं. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली, त्यामुळे सरपंचाचं मत वेगळं द्यावं लागतं.

सदस्यपदाची अनामत ५०० रुपये, राखीव प्रवर्गासाठी १०० रुपये. अर्ज भरताना गुन्हे, मालमत्ता आणि देणी यांचं घोषणापत्र द्यावं लागतं. एकही रकाना मोकळा सोडू नका. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. मोकळा रकाना म्हणजे छाननीत हरकतीला आमंत्रण. यादीतलं नाव आणि कागदपत्रावरचं नाव यांत फरक असेल, लग्नानंतरचं नाव वेगळं असेल, तर त्याचा पुरावा सोबत जोडा. अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी भरू नका. छाननीला स्वतः हजर राहा आणि आपल्या विरोधात आलेल्या हरकतीचं उत्तर तिथल्या तिथे लेखी द्या.

निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं. खर्चाची मर्यादा सदस्यसंख्येवर ठरते: ७ ते ९ सदस्यांच्या पंचायतीत सदस्यासाठी २५ हजार, ११ ते १३ च्या पंचायतीत ३५ हजार, १५ ते १७ च्या पंचायतीत ५० हजार. आयोगाने मर्यादा बदलली तर कार्यक्रम जाहीर होताना ती तहसीलच्या फलकावर लागते, तीच धरा. निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, पडलेल्या उमेदवारानेही. न देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवता येतं. पारदर्शक कारभार मागणारा उमेदवार स्वतःच्या खर्चाची वही लिहीत नाही, याहून मोठी हसू येण्याजोगी गोष्ट गावाला मिळत नाही. वहीत रोज लिहा: पत्रक, रिक्षा, भोंगा, चहा.

मतांचं गणित आणि पॅनेल

एका प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात. मतदाराला जितक्या जागा तितकी मतं, अधिक सरपंचाचं एक. ४५० मतदारांच्या प्रभागात ८० टक्के मतदान झालं तर ३६० मतदार येतात. एका जागेवर दोघंच असतील तर १८१ मतं जिंकायला लागतात. तिघं असतील तर १४० वरही काम होऊ शकतं. इतक्या लहान आकड्यांत पाच-दहा मतांनी निकाल फिरतात, समसमान झाली तर चिठ्ठी टाकावी लागते. म्हणून सभेपेक्षा उंबरठा महत्त्वाचा. प्रत्येक घरी तीनदा जा: एकदा यादी तपासायला, एकदा पत्रक द्यायला, एकदा चिन्ह सांगायला.

आणि मशीन कसं चालवायचं हे सांगायला विसरू नका. सगळ्या जागांची बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. एखाद्या जागेसाठी कोणीच नको असेल तर तिथे ‘नोटा’ दाबायचं. एक बटण दाबून निघून जाणारी म्हातारी माणसं प्रत्येक केंद्रावर असतात. नमुना मतपत्रिकेचा कागद घेऊन घरात दाखवा.

एकटा सदस्य ९ जणांच्या पंचायतीत ठराव पास करू शकत नाही. म्हणून पॅनेल लागतं, आणि पॅनेल बांधताना खरी कसोटी लागते. भावकीची मतं आणणारा हवा, पण त्याचा भाऊ पंचायतीचा ठेकेदार असला तर निवडून आल्यावर तो कुठल्या बाजूला बसेल हे आधीच ओळखा. पॅनेलमधल्या प्रत्येकाकडून एका कागदावर सही घ्या: नात्यातल्या कोणालाही पंचायतीचं काम नाही, मोजमापाशिवाय बिलाला संमती नाही, दर महिन्याचा जमाखर्च फलकावर. या कागदाला कायद्यात किंमत नाही. पण गावात आहे.

महिला सदस्यांच्या ५० टक्के जागा असतात. त्या जागेवरच्या उमेदवाराला नमुने, रोकड वही आणि सभेचे नियम आधी शिकवा. निवडून आल्यावर सभेत तिच्या खुर्चीवर नवरा बसू लागला तर तुमचा सगळा हिशेबाचा दावा पहिल्याच महिन्यात गेला.

‘बिनविरोध करू, गावाचा खर्च वाचवू’ असा निरोप येईल. खरी सहमती असेल तर वाईट काही नाही. पण पदाचा लिलाव होऊन पैसा देवळाला द्यायचा असला प्रकार असेल तर तो सरळ बेकायदा आहे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने याच कारणाने रद्द केल्या होत्या. दोन कोटींना सरपंचपद घेणारा ते पैसे कुठून काढणार, हा प्रश्न पारावर विचारला तरी पुरे.

जाहीरनामा एका पानाचा ठेवा आणि त्यात मोजता येईल असंच लिहा. ‘पारदर्शक कारभार’ लिहू नका. ‘दर महिन्याच्या ५ तारखेला मागच्या महिन्याचा जमाखर्च चावडीच्या फलकावर’ असं लिहा.

निवडून आल्यावर: मासिक सभा

दर महिन्याला किमान एक सभा व्हायला हवी. नोटीस विषयपत्रिकेसह वेळेत मिळते का, इथून सुरुवात. ‘येता येता विषय घेऊ’ हे चालू देऊ नका.

हजेरीपटावर सही म्हणजे ठरावाला संमती नाही, पण ती तशी वापरली जाते. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, सभेच्या वेळी फक्त हजेरी लिहिलेली असते आणि ठराव नंतर सावकाश उतरतात. उपाय साधे आहेत. सभा संपण्याआधी ठराव वाचून घ्या. मोकळ्या ओळी राहिल्या असतील तर त्यांवर रेघ मारायला सांगा. विरोध असेल तर ‘माझा विरोध नोंदवा’ असं तोंडी म्हणून थांबू नका. कारणासह एका चिठ्ठीवर लिहून सभेतच द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना तो विरोध उतरला आहे का पाहा. सलग सहा महिने रजेशिवाय गैरहजर राहिलात तर जागा जाते, आणि रागाने बहिष्कार टाकणारे सदस्य असेच बाहेर पडतात. सभेत बसा.

बँकेचे आणि ऑनलाइन देयकांचे व्यवहार सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (जुनं नाव ग्रामसेवक, २०२४ पासून बदललं) यांच्या संयुक्त सहीने होतात. डिजिटल सहीचं टोकन प्रत्यक्षात संगणक चालवणाऱ्याच्या खणात पडलेलं असतं, पासवर्ड चिठ्ठीवर. सरपंच तुमच्या पॅनेलचा असेल तर पहिल्या दिवशी टोकन स्वतःकडे घ्यायला लावा आणि पासवर्ड बदला. तो तुमच्या बाजूचा नसेल तर निदान ते कोणाकडे आहे हे सभेत विचारून इतिवृत्तात आणा.

प्रत्येक बिलाला मंजुरी देताना एकच साखळी तपासा: अंदाजपत्रकात तरतूद, सभेचा ठराव, कार्यारंभ आदेश, मोजमाप, साठा नोंद, देयक. यातली एक कडी नसेल तर बिल पुढच्या सभेला. मोजमाप घेताना दोन सदस्य हजर राहतील असा कायमचा ठराव पहिल्या-दुसऱ्या सभेतच करून घ्या, तेव्हा कोणी विरोध करत नाही. ठेकेदार ठरल्यावर करतात.

मार्चमध्ये एक गोष्ट बघायची. स्वउत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च व्हायला हवा. वर्षभर काही होत नाही आणि ३१ मार्चला शिलाई मशिनं, सतरंज्या, कचरापेट्यांची खरेदी निघते. ऑक्टोबरपासूनच दर सभेत या तीन शीर्षकांखाली किती शिल्लक आहे ते विचारत राहा.

मैदान, बाग, गायरान

पैशाचा घोटाळा एकदाचा असतो, जागा गेली ती गेली. नमुना २४ मध्ये नोंदवलेल्या प्रत्येक जमिनीचा सातबारा काढून क्षेत्र जुळवा. गायरान सरकारचं असतं, पंचायत त्याची राखण करते, ते कोणाला वापरायला देण्याचा ठराव पंचायतीने केला म्हणून ते देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११ च्या निकालात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे निर्देश सगळ्या राज्यांना दिले, आणि महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी गायरानांबाबत आदेश काढला. मैदान किंवा रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार कलम ५३ ने पंचायतीला दिलेला आहे.

शहराजवळच्या गावांत आणखी एक जागा हरवते: बिनशेती रेखांकनातली, म्हणजे प्लॉट पाडलेल्या मंजूर नकाशातली, मोकळी जागा. साधारण १० टक्के क्षेत्र बाग-मैदानासाठी सोडलेलं असतं. नकाशात हिरवा चौकोन असतो, प्रत्यक्षात विकासकाचं गोदाम किंवा पार्किंग. मंजूर रेखांकनाची प्रत मिळवा, जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहा आणि ताब्याबाबत पत्रव्यवहार सुरू करा. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. खुणा दगडाच्या रोवा, चुन्याची रेघ एका पावसात जाते.

झाडांचं गणित साधं आहे. लावलेल्या रोपांची संख्या विचारू नका, एक वर्षानंतर जगलेली मोजा. रोपाला नंबर, नमुना ३३ मध्ये नोंद, संरक्षक जाळीची बिलं आणि उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याचं नाव. मजुरी ठरवताना जगलेल्या रोपांवर काही हिस्सा ठेवला तर रोपं जास्त जगतात.

सगळं करूनही कोणी ऐकत नसेल तर

पहिली पायरी पंचायत समिती: विस्तार अधिकारी आणि गटविकास अधिकारी. तक्रारीत ‘भ्रष्टाचार’ हा शब्द न वापरता लिहा: अमुक तारखेचा ठराव क्रमांक, मोजमाप वहीचं पान, बिलाची रक्कम, जागेवर भरलेलं माप, सोबत फोटो. दोन पानांची तक्रार वाचली जाते, चाळीस पानांची बाजूला पडते. त्यापुढे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. सरपंच किंवा सदस्याने कर्तव्यात गैरवर्तन केल्याचं चौकशीत दिसलं तर कलम ३९ खाली विभागीय आयुक्त त्याला पदावरून काढू शकतात. निवडणुकीतच गैरप्रकार झाला असेल तर ती वाट वेगळी आहे: निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात निवडणूक याचिका. ही मुदत चुकली की कितीही पक्का पुरावा असला तरी उपयोग होत नाही, म्हणून मतमोजणीच्या दिवशीच वकिलाचा नंबर हाताशी ठेवावा.

चौकशी लागली की अधिकारी गावात येतो आणि सहसा सरपंचाच्या ओट्यावर बसतो. त्याच्या येण्याची तारीख आधी लेखी मागून घ्या. जागेवर पंचनामा होताना हजर राहा, तुमची मापं पंचनाम्यात उतरवून घ्या आणि सही करण्याआधी वाचा. मजकूर पटत नसेल तर ‘असहमत, कारणे सोबत’ लिहून सही करा, आणि पंचनाम्याची प्रत तिथेच मागा.